बेथानीचे घर आणि आपले घर

वाचावयाचे भाग : योहान ११:१-४४, २ राजे २०:१-७, उत्पत्ति ४७:२७-३१ व ४९:२८-३३, प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२.
पाठांतरासाठी : १ थेस्सलनीकाकरांस ४:१३.

मरणाविषयी आमच्या मंडळ्यांत उपदेश पुष्कळ होतात, परंतु ते बहुधा कबरेच्या काठी होतात. रोगी अंथरुणास खिळल्यापासून त्याचा प्राण जाईपर्यंतचे जे आठवडे किंवा महिने, आणि मूठमाती देऊन माणसे घरी परतल्यानंतरचे जे महिने, त्यांविषयी खेड्यापाड्यांतील मंडळ्यांस फारसे शिक्षण मिळत नाही. हा पाठ त्या दोन काळांविषयी आहे.

प्रथम एक हकीकत सांगतो. कुपवाड हे पूर्वी मिरज तालुक्यातील एक साधे खेडे होते. हल्ली तेथे कारखान्यांची वसाहत असून १९९८ सालापासून ते सांगली व मिरज या शहरांसह एकाच महानगरपालिकेत मोडते. तरी जुन्या गावठाणातील शेजारधर्म अद्याप खेड्यासारखाच आहे. तेथील एका ख्रिस्ती घरात एक वृद्ध विधवा बाई कर्करोगाने आजारी होत्या. डॉक्टरांनी मुलास एकीकडे घेऊन सांगितले की, रोग आता बरा होण्यासारखा नाही, आईस घरी न्यावे. मुलाने ही गोष्ट आईस कळू दिली नाही. तो कारखान्यात पाळीवर जाई. सून सर्व काही करी. आम्ही आठवड्यातून दोनदा भेटीस जात असू. एक स्तोत्र वाचावे, आरोग्यासाठी प्रार्थना करावी, "आई, प्रभू तुम्हांस लवकरच उठवील" असे म्हणावे आणि चहा घेऊन निघावे, असा आमचा क्रम ठरून गेला होता. बाई डोळे मिटून "आमेन" म्हणत.

एके दिवशी शेजारची एक म्हातारी त्यांच्या उशाशी बसलेली होती. ती आमच्या मंडळीतली नव्हे. तिने आमच्यादेखतच विचारले, "अक्का, भ्या वाटतंय व्हय गं?" बाई म्हणाल्या, "भ्या न्हाई. पर कुणी बोलूच देईना."

मग त्या सुमारे तासभर बोलल्या. आपल्या दुखण्याचे नाव त्यांस तीन महिन्यांपासून ठाऊक होते. दवाखान्यात दोघे जण आपसांत बोलत असता ते त्यांच्या कानी पडले होते. धाकट्या जावेशी बारा वर्षांचा अबोला होता, तो त्यांस मोडावयाचा होता. हातांतल्या पाटल्या नातीसाठी ठेवावयाच्या होत्या. आणि मुलाने आपल्यामागे जेवणावळीसाठी कर्ज काढू नये, हे त्यांस साक्षीदारांसमक्ष सांगावयाचे होते. इतके दिवस हे का सांगितले नाही, असे आम्ही विचारले. तेव्हा त्या म्हणाल्या की, तुम्ही दर खेपेस बरे होण्याची प्रार्थना करता. मी मरणाचे बोलले असते तर हिचा विश्वास उणा आहे असे तुम्हांस वाटले असते.

हे ऐकून आम्ही खाली पाहिले. आमच्या प्रार्थना खोट्या नव्हत्या, परंतु त्यांनी त्या माउलीचे तोंड बंद केले होते. जाऊ दुसऱ्याच दिवशी आली. दोघी काय बोलल्या ते आम्हांस ठाऊक नाही, कारण सुनेने दार लोटून घेतले होते. नवव्या दिवशी पहाटे त्या प्रभूमध्ये निजल्या.

आता शास्त्र पाहू. हिज्कीया राजा मरणाच्या पंथास लागला असता यशया संदेष्टा त्याजकडे गेला आणि घराची निरवानिरव कर, कारण तू वाचणार नाहीस, असे त्याने स्पष्ट सांगितले. राजाने भिंतीकडे तोंड करून प्रार्थना केली, आणि देवाने त्यास पंधरा वर्षे अधिक दिली. पुष्कळ उपदेशक या भागातून केवळ पंधरा वर्षांचाच उपदेश करितात. परंतु क्रम पाहा. सत्य आधी सांगितले गेले व प्रार्थना मागाहून झाली. सत्य सांगितल्याने प्रार्थनेचे दार बंद झाले नाही, आणि प्रार्थनेची आशा आहे म्हणून संदेष्ट्याने सत्य लपविले नाही. आणखी, अंजिराची चांदकी करून गळवावर बांधण्यास त्याच यशयाने सांगितले. सत्य, प्रार्थना व औषध ही तिन्ही एकाच खाटेपाशी नांदली.

सत्य सांगणे म्हणजे रोग्याच्या अंगावर धोंडा टाकणे नव्हे. आधी त्यास विचारावे की, तुम्हांस आपल्या दुखण्याविषयी काय ठाऊक आहे, आणि आणखी जाणावयाची इच्छा आहे काय. कोणी म्हणेल की मला काही सांगू नका. त्याचा मान राखावा. बहुतेकांस थोडे थोडे ठाऊक असतेच, आणि कोणी विचारण्याची ते वाट पाहात असतात. विचारल्यावर मात्र उत्तर येईपर्यंत गप्प बसता आले पाहिजे, आणि आम्हां उपदेश करणारांस हेच सर्वांत जड जाते. ईयोबाचे तीन मित्र सात दिवस व सात रात्री त्याजजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोपर्यंत त्यांचे काही चुकले नाही.

दुसरी गोष्ट वेदनेची. कर्करोगाच्या अखेरीस मॉर्फिन नावाचे औषध देतात. ते अफूपासून होते. "अफूचे औषध ख्रिस्ती मनुष्याने घेऊ नये, प्रभूने वधस्तंभावर गंधरस मिसळलेला द्राक्षारस नाकारिला," असे म्हणून आईबापांस वेदनेत तळमळत ठेविणारी मुले आम्ही पाहिली आहेत. मार्काच्या पंधराव्या अध्यायात तसे लिहिले आहे खरे. परंतु जो प्याला त्याने शुद्धीवर राहून घेतला तो जगाच्या पापासाठी होता, आणि तो दुसऱ्या कोणास घ्यावयाचा नाही. जखमी मनुष्याच्या जखमांत तेल व द्राक्षारस ओतणाऱ्या शोमरोन्याची गोष्ट सांगणाराही तोच प्रभू होय. नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायात तर मरणोन्मुख मनुष्यास मद्य देण्यास सांगितले आहे. वेदना शमविणे हा अविश्वास नव्हे.

आमच्या देशात हे औषध मिळण्यास अडचण फार होती, तिचे कारण कायदा. १९८५ साली अमली पदार्थांचा कडक कायदा झाला. व्यसनी लोकांस आवरण्यासाठी तो केला, परंतु त्याच्या अनेक परवान्यांच्या कटकटीने दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले आणि खरे रोगी वंचित झाले. २०१४ साली तो कायदा सुधारून मान्यताप्राप्त संस्थांस हे औषध ठेवणे सोपे करण्यात आले. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे योग्य मात्रेत घेतल्यास या औषधाने वेदना उतरते आणि रोग्यास झोप लागते, बोलता येते, प्रार्थना करिता येते. म्हणून घरच्या माणसांनी डॉक्टरांस स्पष्ट विचारावे : रोग बरा होत नसला तरी वेदनेवर तुम्ही काय द्याल?

असे विचारण्याची रीत एका ख्रिस्ती बाईने जगास शिकविली. इंग्लंडातील सिसिली साँडर्स या आधी परिचारिका होत्या, मागाहून डॉक्टर झाल्या. डेव्हिड तस्मा नावाचा एक पोलिश यहूदी रोगी १९४८ साली लंडनमध्ये मरण पावला. त्याला आपले म्हणावे असे तेथे जवळजवळ कोणी नव्हते. त्याने साँडर्सबाईंस ५०० पौंड देऊन ठेविले, ते अशासाठी की मरणोन्मुखांसाठी त्या जे घर उभारतील त्यास एक खिडकी व्हावी. ते घर १९६७ साली सेंट क्रिस्टोफर या नावाने उघडले. आपल्याकडे मुंबईस वांद्रे येथे डॉ. डिसोझा यांनी १९८६ साली शांती अवेदना सदन काढिले. भारतातील या प्रकारचे ते पहिले घर. तेथे कॅथलिक भगिनी शुश्रूषा करितात. पुण्यास वारजे येथे सिप्ला कंपनीच्या नावाचे तसेच एक केंद्र १९९७ साली सुरू झाले. या शुश्रूषेस हल्ली पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. ती रुग्णालयातच मिळते असे नव्हे. शिकलेली परिचारिका घरी येऊनही देऊ शकते, आणि जखम धुणे, कूस बदलणे, तोंड ओले ठेवणे एवढे तर घरची सून किंवा मुलगाही शिकू शकतो.

आमच्या सांगली-मिरजेच्या मंडळ्यांस हे सर्व नवे वाटू नये. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेस मिशनचे रुग्णालय उघडले, आणि त्यांच्या शस्त्रक्रियेची कीर्ती सर्वत्र झाली. परंतु त्याच मिशनने क्षयरोग्यांसाठीही घर बांधिले, ज्यावरून त्या वस्तीस वानलेसवाडी असे म्हणतात. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसीन हे औषध १९४३ साली सापडले. त्यापूर्वी अशा घरांतून रोग्यास देण्यासारखे काय होते? विसावा, मोकळी हवा, दूध, अंडी आणि शुश्रूषा. पुष्कळ रोगी बरे झाले नाहीत. तरीही त्यांच्या खाटेपाशी कोणी तरी बसत होते. जेथे रोग जिंकता येत नाही तेथेही वैद्याचे व मंडळीचे काम संपत नाही, हा धडा कुपवाडच्या वेशीजवळच गिरविला गेला आहे.

येथे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिकांची आठवण केल्यावाचून राहवत नाही. अरुणा शानबाग ही त्यांच्यातलीच एक. १९७३ च्या नोव्हेंबरात तिजवर क्रूर हल्ला झाला आणि ती भान हरपून पडली. तेव्हापासून २०१५ च्या मे महिन्यात तिचा अंत होईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, परिचारिकांच्या एकीमागून एक पिढ्यांनी तिला न्हाऊमाखू घातले, भरविले. तिचे अन्न थांबवावे असा अर्ज न्यायालयात आला तेव्हा त्यांनी विरोध केला, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तो अर्ज फेटाळिला. तथापि त्याच निकालात न्यायालयाने असेही ठरविले की, ज्याच्या बरे होण्याची आशा उरली नाही त्यास केवळ यंत्रांच्या योगे धरून ठेविण्याचे थांबविता येईल, मात्र कडक देखरेखीखाली.

पुढे ९ मार्च २०१८ रोजी त्या न्यायालयाने प्रत्येक प्रौढ व शुद्धीवर असलेल्या मनुष्यास आपली इच्छा आधी लिहून ठेविण्याचा अधिकार दिला, आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची रीत सोपी केली. आता असा लेख दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करवावा लागतो. आपणास बोलता येईनासे झाल्यास आपल्या वतीने कोणी बोलावे त्यांची नावे त्यात घालावी. पुढे प्रसंग आल्यास रुग्णालयातील डॉक्टरांची एक समिती व नंतर दुसरी समिती विचार करून निर्णय देते. यात विष देऊन मारण्याची गोष्ट नाही. तो गुन्हा पूर्वीही होता व आजही आहे.

काही बंधू विचारतात की, असे लिहिणे देवाच्या हातातील काम आपल्या हातात घेणे नव्हे काय? आम्हांस तसे वाटत नाही. याकोबाने मरणापूर्वी योसेफास बोलावून आपल्या मांडीखाली हात ठेवावयास लाविले आणि मिसरात नव्हे तर वाडवडिलांच्या कबरेत पुरण्याची शपथ घेतली. मग मुलांस एकेकास आशीर्वाद दिला, आज्ञा देणे संपविले, आणि बिछान्यावर पाय जवळ घेऊन प्राण सोडिला. ज्याने अशी निरवानिरव केली त्याच्या मुलांस शवापाशी भांडावे लागत नाही. आमच्या गावांत मात्र अतिदक्षता विभागाच्या दाराशी तीन भाऊ तीन मते घेऊन उभे असतात, शेत गहाण पडते, आणि बापास काय हवे होते हे एकासही ठाऊक नसते.

आता बेथानीस जाऊ. लाजार मरून चार दिवस झाले होते. प्रभू येत आहे असे ऐकून मार्था गावाबाहेर त्यास सामोरी गेली. मरीया घरातच बसून राहिली. एकाच आईबापांच्या दोन मुली, एकच दुःख, तरी शोकाची तऱ्हा निराळी. दोघींनी मात्र त्यास एकच बोल लाविला : तू येथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता. हा दोष देण्याचाच बोल आहे. प्रभूने दोघींपैकी एकीसही दटाविले नाही. मार्था बोलू इच्छीत होती, तिजशी तो पुनरुत्थानाविषयी बोलला. मरीया पाया पडून रडू लागली, तिला त्याने काहीच शिकविले नाही. तो तिजबरोबर रडला. आणि हे ध्यानात धरा की, आपण लाजारास घटकाभरात उठविणार हे त्यास ठाऊक होते. आशा पुरी होती, तरी अश्रू आले.

म्हणून थेस्सलनीकाकरांच्या पत्रातील जे वचन पाठांतरास दिले आहे ते नीट वाचा. आमच्यातील कित्येक उपदेशक ते वचन सांगून विधवेस रडू देत नाहीत; मोठ्याने रडणे ही विदेशी लोकांची चाल, असे म्हणतात. पौल शोक करू नका असे म्हणतच नाही. ज्यांस आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, असे तो म्हणतो. स्तेफनास भक्तिमान माणसांनी पुरिले तेव्हा त्यांनी त्याच्यासाठी फार विलाप केला, हे कृत्यांच्या आठव्या अध्यायात आहे. मोशेसाठी इस्राएलाने तीस दिवस शोक केला. तीन दिवसांत डोळे पुसून कामास लागावे असा नियम शास्त्रात कोठेही नाही. तो नियम आमच्या सोयीचा आहे, एवढेच.

कोविडच्या साथीत, २०२० व २०२१ साली, पुष्कळांस तीन दिवसही मिळाले नाहीत. मिरजेच्या शासकीय रुग्णालयात रोगी ठेविले जात व नातलग बाहेर उभे राहात. टाळेबंदीत अंत्यविधीस वीस माणसांहून अधिक जमण्यास मनाई होती. कोणी बापाचे तोंड पाहिले नाही, कोणास आईच्या हातात पाणी देता आले नाही. ते दुःख अद्याप पुष्कळ घरांत पुरल्यावाचून पडले आहे. ज्या मंडळीत त्या दोन वर्षांत मेलेल्यांची उपासना झाली नाही, तिने आजही ती करावी. नावे वाचावी, आणि प्रत्येक घरच्या मनुष्यास उभे राहून दोन शब्द बोलू द्यावे. उशीर झाला म्हणून लाजू नये. प्रभूही बेथानीस चौथ्या दिवशी पोहोचला.

कबरेनंतरच्या महिन्यांविषयी आमचा अनुभव असा की, पहिल्या आठवड्यात घरात पाय ठेवावयास जागा नसते आणि दुसऱ्या महिन्यात कोणी फिरकत नाही. वडीलमंडळींनी वहीत नावे लिहून ठेवावी : चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास कोण जाईल, पहिल्या पेरणीच्या वेळी कोण, पहिल्या नाताळास कोण. जाताना उपदेश नेऊ नये. कागदपत्रांचे काम नेता येते. मरणाची नोंद एकवीस दिवसांच्या आत करावी लागते. दाखला, वारसाची नोंद, निराधार विधवेसाठी संजय गांधी योजनेचा अर्ज, यांत लिहितावाचता येणारा मनुष्य बरोबर असला तर ती बाई पुष्कळ हेलपाट्यांतून वाचते. लाजारास हाक मारणे प्रभूचे होते, परंतु धोंड काढणे व त्याच्या अंगावरचे पट्टे सोडणे हे त्याने शेजाऱ्यांसच सांगितले.

राहिली स्मरणाची गोष्ट. दहावा, तेरावा, श्राद्ध ही आम्ही सोडली. परंतु त्यांच्या जागी वर्षश्राद्धापेक्षा मोठी जेवणावळ घालून कर्ज करणे हे सोडणे नव्हे. तसेच कबर कशी असावी यावर भांडणेही व्यर्थ. नारायण वामन टिळक १९१९ च्या मे महिन्यात मुंबईस वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाचे दहन झाले आणि अस्थी अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, नेऊन पुरल्या. तेव्हाच्या ख्रिस्ती लोकांत ही रीत नव्हती. त्यांचे खरे स्मारक त्यांच्या पत्नीने केले. लक्ष्मीबाईंस शाळेचे शिक्षण असे मिळाले नव्हते, तरी त्यांची "स्मृतिचित्रे" १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली, आणि मराठी वाचणाऱ्या कोणत्याही धर्माच्या घरात ती आजही आवडीने वाचली जातात. त्यांत नवऱ्याचा राग आहे, विसराळूपणा आहे, भांडणे आहेत, हसू आहे. त्यांनी टिळकांस संगमरवरी पुतळा केले नाही. आमच्या स्मरणसभांत मृत मनुष्य इतका निर्दोष होऊन जातो की घरच्यांस तो ओळखू येत नाही. आणि ज्या मुलास बापाने छळिले त्यास तेथे बसणे शिक्षाच वाटते. खरे बोलावे, दयेने बोलावे.

यापोतील टबीथा मेली तेव्हा विधवांनी पेत्रास काय दाखविले? तिने आपल्याबरोबर असता केलेले अंगरखे व वस्त्रे. रडत रडत त्या एकेक कापड पुढे करीत होत्या. कुपवाडच्या त्या बाईंच्या घरी अशीच एक गोधडी आहे. वर्ष झाल्यावर सुनेने आम्हांस बोलाविले तेव्हा जेवणावळ नव्हती. तिने गोधडी पसरली, आणि प्रत्येक तुकडा कोणाच्या लुगड्याचा हे ती व धाकटी सासू मिळून सांगत बसल्या. शेजारची म्हातारीही होती. एका तुकड्याविषयी दोघींचे जमेना. म्हातारीने निकाल दिला.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न :

यशयाने सत्य सांगितले नसते तर हिज्कीयाने कोणती प्रार्थना केली असती?

मार्था व मरीया यांस प्रभूने निरनिराळे उत्तर का दिले? आपल्या मंडळीतील शोकाकुल घरांपैकी कोणास बोलणे हवे आहे व कोणास सोबत?

आपल्या गावात आज कोण अंथरुणास खिळून आहे? त्यांच्याकडे गेल्यावर आपण किती वेळ बोललो व त्यांस किती वेळ बोलू दिले?

आपल्या शेवटच्या दिवसांविषयी आपली इच्छा काय आहे हे घरातील कोणास सांगितले आहे काय? नसल्यास पुढील रविवारच्या आत कोणास सांगणार?